मनगटापासून कोपरापर्यंत

धाकटी रफूचं काम करायची. ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागे एक अरुंद खोली होती, तिथे खिडकीला लावून तिचं टेबल. कोटाला कसर लागली, पँटीला ठिणगीनं भोक पडलं, की ते कापड तिच्याकडे यायचं. मग त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून ती धागे ओढून काढायची आणि भोकावर उभे-आडवे धागे घालून पुन्हा कापड विणायची. काम संपलं की भोक कुठे होतं ते कोटाच्या मालकालाही सापडत नसे.

“तुझ्या कामाचं कौतुक तरी कसं करायचं?” ताई म्हणायची. “दिसतच नाही ते!”

ताई तिच्याहून सात वर्षांनी मोठी. तिची सगळी नोकरी वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली होती. बोटांना इतकी जाण, की तळहातावर चिमूटभर मीठ घेऊन वजन सांगायची आणि वर काट्यावर ठेवून खात्री पटवायची. रविवारी मात्र ती शहराबाहेरच्या तळ्यावर गळ टाकून बसलेली असे. बाबांनी लावलेली सवय. बाबा गेले, सवय राहिली.

दोघी बहिणी एकट्याच होत्या, पण एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर राहायच्या. दोन दारांच्या मध्ये दोन पावलांचा पॅसेज. दारं दिवसभर सताड उघडी असत, त्यामुळे एकीला शिंक आली की दुसरी आपल्या घरातून “पुरे आता” म्हणायची.

एका सकाळी ताईच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला आणि तिला ते कळलंच नाही. कप फुटल्याचा आवाज ऐकून तिनं इकडेतिकडे पाहिलं, कोणाच्या घरात काय पडलं म्हणून.

पाच आठवड्यांनी ती हॉस्पिटलमधून घरी आली. बोलणं शाबूत होतं. पाय किंचित ओढायची. खांदा हलत होता, कोपर वाकत होतं. उजव्या हाताची बोटं मात्र, दार ठोठावत राहावं आणि आत कोणी नसावं, तशी झाली होती.

पहिल्याच आठवड्यात तिनं सांगितलं, “बारके, दारामागचे गळाचे रॉड घेऊन जा. मास्तरांच्या दुकानात दे. ज्याला हवे असतील त्याला देऊन टाका म्हणावं.”

“राहू देत की. खायला मागतात का?”

“डोळ्यात खुपतात.”

मग धाकटी पाच रॉड काखेत धरून रस्त्यानं निघाली. दुपारची वेळ होती, ऊन मऊ पडलं होतं. तिच्या पावलांबरोबर ती पाच टोकं हवेत डोलत होती आणि समोरून येणारी माणसं न सांगता बाजूला होत होती. या काठ्या कशाकडे तरी रोखलेल्या आहेत आणि आपण फक्त त्यांच्या मागून चाललोय, असं तिला वाटत राहिलं. दुकान कधी आलं ते कळलं नाही.

दुकानाच्या पुढच्या भागात फुटबॉल आणि बॅडमिंटनच्या रॅकेटी, मागच्या अर्ध्या भागात मासेमारीचं सामान. मास्तरांनी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. पण गिऱ्हाइकाला धडा दिल्याशिवाय ते साधा गळही हातात ठेवत नसत, म्हणून मास्तर. त्यांनी एकेक रॉड उजेडाकडे धरून पाहिला.

“देऊन टाकत नाही,” ते म्हणाले. “ठेवून घेतो. ताईंचा खांदा चालतो का?”

“चालतो.”

“कोपर?”

“वाकतं. बोटंच काय ती नाहीत.”

“मग रॉड धरायला बोटंच लागतात असं कोणी सांगितलं?”

“म्हणजे बोटांशिवाय धरता येईल असा रॉड मिळतो?”

“मिळत नाही. बांधावा लागतो.”

“कोण बांधतं?”

मास्तरांनी काउंटरवर टेकलेल्या तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली. “तुम्ही काय काम करता, बाई?”

“रफू.”

“मग झालं की!”

त्यांनी आतून एक नुसती पोकळ कांडी आणली. कड्या नाहीत, मूठ नाही, काही नाही. सात फूट लांब, बुंध्याशी अंगठ्याएवढी आणि शेंड्याला गवताच्या काडीएवढी. “याला ब्लँक म्हणतात. यावर कड्या बांधायच्या, कड्यांतून दोरी जाते. पण त्याआधी एक गोष्ट. प्रत्येक कांडीला कणा असतो. दिसत नाही. तिला विचारावा लागतो.”

बुंधा जमिनीवर टेकवून त्यांनी शेंड्याजवळचा भाग एका तळहातावर तिरका धरला, दुसऱ्या हातानं मधोमध दाबलं आणि कांडी हळूहळू गोल फिरवू लागले. कांडी निमूट फिरत होती. मग एकाएकी तिनं आपणहून उडी मारली आणि एका बाजूवर येऊन थांबली.

“बघितलंत? इथे तिला बरं वाटतं. कड्या याच रेषेत बांधायच्या.” त्यांनी पेन्सिलीनं बारीक खूण केली. “आणि बांधण्याआधी स्पिरिटनं पुसून घ्या. बोटांचं तेल लागलेलं असतं, त्यावर वॉर्निश धरत नाही.”

ताईला काही सांगायचं नाही असं धाकटीनं ठरवलं. रफूच्या खोलीत जेवणाच्या सुट्टीत ती कांडी घेऊन बसायची. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे तिनं स्पिरिटनं पुसली, आणि सवयीनं चांगली लख्ख पुसली. पेन्सिलीची खूण त्यात गेली. तिच्या ते लक्षात आलं होतं. पण हात शिवशिवत होते. ‘गोल कांडीला कसली आलीय बाजू’ असं मनाशी म्हणून तिनं नजरेच्या अंदाजानंच कड्या लावल्या.

दोऱ्याचं काम तिला पहिल्या दिवसापासून जमलं. कडीचा चपटा पाय कांडीवर ठेवायचा, दोऱ्याचं टोक पहिल्या वेढ्यांखाली दाबायचं आणि कांडी फिरवत वेढ्याला वेढा लावत जायचं. शेवटचे थोडे वेढे राहिले की एक वेगळा फास आत ठेवायचा, दोरा त्यातून ओवायचा आणि फास खेचून घ्यायचा, म्हणजे टोक वेढ्यांच्या पोटात गडप. गाठ नाही, काही नाही. पुढे बसलेल्या इस्त्रीवाल्या बाईला तिनं दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, हा दोरा संपतो कुठे?” धाकटीला आतून गुदगुल्या झाल्या.

आठ कड्या बांधून झाल्यावर ती रॉड घेऊन मास्तरांकडे गेली. दुकानामागच्या अंगणात त्यांनी कड्यांतून दोरी ओवली, टोकाला शिशाचं वजन बांधलं आणि म्हणाले, “उचला.”

तिनं उचललं. रॉड वाकला, आणि वाकता वाकता तिच्या हातात वळला. झोपलेलं माणूस भिंतीकडे कूस बदलतं ना, तसा. तिनं पुन्हा सरळ धरला, तो पुन्हा वळला.

“कणा विचारला होतात ना?”

“विचारला होता,” धाकटी म्हणाली. “मग उत्तर पुसून टाकलं.”

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी खिशातून ब्लेड काढून तिच्यापुढे धरलं. आयुष्यात धाकटीनं धड असलेली वीण कधी कापली नव्हती. तिचं सगळं काम तुटलेलं जोडण्याचं. ती अंगणातल्या पायरीवर बसली आणि आठही कड्या एकेक करून सोडवल्या. कापलेले दोरे चकलीसारखे वळून तिच्या मांडीवर पडत होते.

“आणि आता मुठीचं बघावं लागेल,” मास्तर म्हणाले. “ती ताईंच्या हाताच्या मापानं हवी. बुंधा मनगटापासून मागे कोपरापर्यंत हाताखालून जाईल, वरून पट्टा. हाताचं माप घेतल्याशिवाय पुढे काही होणार नाही.”

म्हणजे ताईला सांगणं आलं.

ताई खिडकीत बसली होती. डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक सरळ करत होती, व्यायाम म्हणून.

“ताई, हात दे जरा. माप घ्यायचंय.”

“स्वेटर विणतेस? त्यापेक्षा गोणपाट शिव, जास्त ऊब येते.”

“स्वेटर नाही. रॉड.”

ताईचं हसू मावळलं. धाकटीनं सगळं सांगितलं. कांडी, कणा, पुसलेली खूण, पट्टा. ताई ऐकत होती, पण बघत होती बाहेर.

“तुला मासे आवडत नाहीत,” शेवटी ती म्हणाली. “चिखल आवडत नाही. एकदा तरी आलीस का तळ्यावर?”

“आले होते की. लहानपणी, बाबांबरोबर.”

ताईनं मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, “मला कोणाची दया नकोय, बारके.”

“दया कुठली? काम आहे. आणि काम अडलंय. तुझ्या हातावाचून.”

मग ताईनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि टेबलावर आणून ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. धाकटीनं टेप लावली. मनगटापासून कोपरापर्यंत दहा इंच भरले.

“लिहून घे,” ताई म्हणाली. “आणि दोरीचं रीळ चार बोटं मागे बसव. वजन हाताच्या मागे यायला हवं, पुढे आलं तर खांदा भरून येईल. साधा काटा आहे हा, दुसरं काय. एवढं कळत नाही तुझ्या मास्तरांना?”

त्या दिवसापासून ताई मुकादम झाली. तिनं आपली जुनी पेटी काढायला लावली. त्यातली पितळेची बारीक वजनं कांडीच्या बुंध्याला दोऱ्यानं लटकवायची, कांडी डाव्या हाताच्या एका बोटावर तोलायची आणि डोळे मिटून बसायची. “अजून गुंजभर,” म्हणायची. धाकटी वजन बदलायची. “आता बरोबर.” तेवढंच शिसं बुंध्याच्या पोकळीत भरलं. बुचाच्या चकत्या एकमेकींना चिकटवून मूठ केली, ती कानशीनं घासता घासता धाकटीच्या केसांत, भुवयांत, चहातसुद्धा बुचाचा भुगा गेला. पट्टा तिनं शिवला एका बेवारस कोटाच्या मखमली कॉलरचा. कोट दुकानात सहा वर्षं टांगलेला होता, न्यायला कोणी आलं नव्हतं.

सात फुटी रॉड दोघींच्याही खोलीत आडवा मावेना. शेवटी दोन दारांत दोन खुर्च्या ठेवल्या, त्यांच्या पाठींना पुठ्ठ्याच्या खाचा बांधल्या आणि रॉड पॅसेजमध्ये आडवा ठेवला. बुंधा ताईच्या घरात, शेंडा धाकटीच्या. वरच्या मजल्यावरचा टपालवाला जाता-येता त्याच्याखालून वाकून जायचा आणि प्रत्येक वेळी विचारायचा, “लागला का मासा?”

“तुम्हीच तेवढे सापडताय,” ताई सांगायची.

यावेळी कणा दोनदा विचारला आणि खूण धाग्यानं बांधून ठेवली. वेढ्यांसाठी धाकटीनं पांढरं रेशीम घेतलं. मग राहिलं वॉर्निश. दोन बाटल्यांतलं सारखं सारखं घेऊन हळू ढवळायचं आणि कुंचल्यानं वेढ्यांवर चढवायचं. ते मधासारखं घट्ट असतं. सुकेपर्यंत रॉड सारखा फिरवत राहावा लागतो, नाहीतर सगळं ओघळून खालच्या बाजूला जमतं. फिरवायचं छोटं यंत्र येतं, पण मास्तरांनी बजावलं होतं, “पहिला रॉड हातानं फिरवा. चार तास लागतील. लागू देत.”

सुट्टीचा दिवस होता. जेवणं आटोपून दोघी बुंध्याशी येऊन बसल्या, ताईच्या उंबऱ्याच्या आत. धाकटीनं वॉर्निश लावलं. त्यात बारीक बुडबुडे आले, तेव्हा मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे तिनं तोंड जवळ नेऊन त्यावर नुसता श्वास सोडला. एकेक बुडबुडा डोळा मिटावा तसा नाहीसा झाला. आणि त्याबरोबर रेशीमही. पांढरे वेढे वॉर्निश पिऊन काचेसारखे झाले. खालच्या कांडीचा गडद रंग वर आला आणि कड्या कशालाही न बांधता हवेत थांबल्यासारख्या दिसू लागल्या.

“घे!” ताई म्हणाली. “इथेही न दिसणारंच काम केलंस.”

पाव फेरी, थोडं थांबायचं, पुन्हा पाव फेरी. थोडा वेळ धाकटी फिरवायची, थोडा वेळ ताई डाव्या हातानं. इमारत जेवून निजली होती. जिन्याच्या वरच्या काचेतून उजेडाचा एक पट्टा खाली आला होता आणि रॉड फिरला की आठ कड्यांतून आठ कवडसे भिंतीवरून सरकायचे, छताला जायचे, पुन्हा खाली यायचे. कोणाच्या तरी घरात नळ ठिबकत होता. हळूहळू भिंत कुठे संपते आणि पॅसेज कुठे सुरू होतो ते कळेनासं झालं. दोघी बोलत होत्या की नुसत्या बसल्या होत्या, हेही धाकटीला नंतर नीट सांगता आलं नसतं.

“ताई,” ती म्हणाली, “त्या दिवशी धुकं होतं ना?”

“कधी?”

“तळ्यावर. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. असं गार पाणी, की गुडघे दुखत होते. बाबांनी मासा हातात धरला होता, पांढरा चकचकीत. त्यांनी तो पाण्यात सोडला आणि तो गेलाच नाही. तिथेच थांबला, माझ्याकडे बघत. मला आयुष्यातलं सगळ्यात पहिलं आठवतं ना, ते हे.”

ताईनं रॉडला पाव फेरी दिली.

“बारके, तू नव्हतीस.”

“काय?”

“तुला गोवर आला होता. डोळ्यांना उजेड सोसत नव्हता म्हणून आईनं खिडक्यांवर चादरी टांगलेल्या. मी तळ्यावरून आले की तुझ्या उशाशी बसून सगळं सांगायचे. पाणी किती गार ते तुला कळेना, तर ओला टॉवेल तुझ्या गुडघ्यांवर ठेवला. आईनं धपाटा घातला होता मला.”

धाकटीचा हात आपल्या गुडघ्यावर गेला.

“आणि मासा थांबला नव्हता,” ताई पुढे म्हणाली. “बाबांनी सोडला तसा सुळकन गेला. पण तुला झोप येत नव्हती, रडत होतीस. म्हणून मी थांबवला त्याला.”

धाकटीला वाटलं होतं, आपलं काहीतरी गेलं म्हणून वाईट वाटेल. पण डोळे मिटले तर धुकं जिथल्या तिथे होतं, पाणी तेवढंच गार होतं. फक्त आता पाण्याच्या पलीकडे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसलेली दिसत होती, चिखलाचे पाय घेऊन, भराभरा बोलणारी.

“मग ते माझं नाहीच म्हणायचं.”

“माझं तरी कुठे राहिलंय? मला तो दिवस मुळीच आठवत नाही. तुला सांगितलेलं तेवढं आठवतं.”

भिंतीवरचे कवडसे केव्हाचे थांबले होते. मग ताई एकदम ओरडली, “अगं, फिरव!”

किती वेळ रॉड तसाच राहिला होता कोण जाणे. तिसऱ्या कडीखाली वॉर्निशचा एक टपोरा थेंब लोंबून घट्ट झाला होता. धाकटी ब्लेड आणायला उठली, पण ताईनं तिची ओढणी धरून खाली बसवलं. “असू दे,” म्हणाली. “एवढ्यानं मासा काही परत जाणार नाही.”

वॉर्निश पुरतं कडक व्हायला आठवडा गेला. पुढच्या रविवारी सकाळच्या बसनं दोघी तळ्यावर गेल्या. मास्तरांना बोलावलं होतं, पण ते म्हणाले, “परीक्षेच्या वेळी मास्तरानं वर्गात थांबू नये.”

काठावर घडीची खुर्ची मांडून धाकटीनं ताईच्या हाताला पट्टा बांधला. बुंधा कोपराशी नीट टेकला. ताईनं खांद्यातून हात मागे नेला आणि झोकला. गळ मागच्या झुडपात अडकला. दुसऱ्यांदा तो तिच्याच पायाशी पडला. तिसऱ्यांदा धाकटीच्या टोपीत.

“मोठा लागलाय,” धाकटी म्हणाली, पण ताईला हसू आलं नाही. आठव्या वेळी तिनं रॉड गवतात टेकवला. “सोड पट्टा,” ती म्हणाली.

धाकटीनं पट्ट्याला हात लावला नाही. “कोट उसवला तर सगळ्यात आधी काय करायचं माहितीय? खुर्चीची दिशा बदलायची. उजेड दुसऱ्या बाजूनं येतो.” तिनं ताईला उठवून खुर्ची अर्धवट फिरवून ठेवली, डावा खांदा पाण्याकडे. आता हात मागे न्यायचा नव्हता, आडवा न्यायचा होता. दोन वेळा चुकलं. अकराव्या वेळी दोरी आठही कड्यांतून सरसरत गेली आणि लांब पाण्यावर एक छोटं वर्तुळ उमटलं.

मग वाट बघणं. पाणी राखाडी होतं, आभाळही राखाडी. मधली रेघ पुसट होत होत गेली. धाकटीनं चहा ओतला. कुठल्या तरी होडीच्या वल्ह्यांचा आवाज यायचा, होडी दिसायची नाही. बराच वेळ असाच गेला.

“बारके,” ताई अगदी हळू म्हणाली. “आहे.”

“कुठे? टोक तर हललं नाही.”

“कोपरात कळतंय. हाडात. टुकटुक करतोय.” तिचे डोळे मोठे झाले होते. “अगं, कळतंय मला!”

टोक खाली गेलं. ताईनं खांदा उचलला, डाव्या हातानं रीळ फिरवू लागली. रॉड वाकला, पण हातात वळला नाही. ताई हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसंच वाहू दिलं.

मासा हातभर लांबही नव्हता. धाकटीनं गुडघे टेकून तो धरला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात जिवंत मासा आला. “घट्ट नको,” ताई वरून सांगत होती. “सुई कापडातून मागे काढतेस ना, तसा गळ काढ. आलेल्या वाटेनंच.” गळ निघाला. ताईनं डावा तळहात पुढे केला, मासा क्षणभर त्यावर टेकवला, डोळे मिटले.

“पाव किलोला थोडा कमी,” ती म्हणाली आणि वाकून हात पाण्यात बुडवला.

दुपारपर्यंत दुसरा काही लागला नाही. बसची वेळ झाली तेव्हा धाकटीनं डबा भरला, खुर्ची मिटली आणि पट्टा सोडायला वाकली. ताईनं हात मागे घेतला.

“स्टॉपपर्यंत राहू दे.”

“सात फूट आहे ताई, रस्त्यात कोणाला लागेल.”

“तू पुढे चाल आणि लोकांना बाजूला कर.”

धाकटीनं खुर्ची खांद्यावर टाकली आणि पुढे झाली. समोरून सायकलवर एक माणूस येत होता. “बाजूला व्हा हो,” तिनं आवाज दिला, “रॉड येतोय.”